दात काढायला गोळ्या बंद झाल्या, परत चालू कुणी केल्याच नाहीत: स्टेन टाकलेल्या एका पेशंटची केस

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. हार्टचे पेशंट गोळ्या का सोडतात यावर बोलणं निघालं की 'लोकांना सिरियसनेसच नाही' इथं विषय संपतो, आणि काउंटरच्या आतून बघितलं तर मला तसं काही दिसत नाही, म्हणून एक अख्खी केस पहिल्यापासून लिहून काढतोय. ओळख पटू नये म्हणून वय, नाती, तपशील थोडे बदललेत आणि असाच प्रकार झालेल्या दुसऱ्या एकदोघांचंही थोडं यात मिसळलंय. पेशंटला आपण तात्या म्हणू.

पेशंट

तात्या ५६ वर्षांचे. साडेतीन एकर रान, त्यातला निम्म्याहून जास्त ऊस. तंबाखू मिसरूड फुटायच्या आधीपासून. शुगर नाही, बीपी होतं पण त्याची गोळी 'चक्कर आली तरच'. मार्चच्या सुरुवातीला, ऊस नुकताच कारखान्याला गेला होता, पहाटे छातीत दाब, डाव्या हाताला कळ, दरदरून घाम. घरच्यांनी आधी पित्त समजून सोडा पाजला, त्यात तासभर गेला, मग तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला तर मोठा अटॅक. तिथं गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरात नेऊन ॲन्जिओ आणि लगेच प्लास्टी, हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत एक स्टेन (स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी), औषधाचा लेप असलेला. पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद, ४५ टक्के आलं. सगळं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं, खिशातून गेलं ते गाडीभाडं आणि बरोबरच्यांचा खाण्यापिण्याचा खर्च.

घरी येताना चिठ्ठीवर ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ, कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉरव्हास्टॅटिन ८० रात्री, बीपी आणि हृदयासाठी मेटोप्रोलॉल, रामिप्रिल, गॅससाठी पॅन्टोप्राझॉल आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. म्हणजे जिभेखालची सोडली तर रोजच्या सात गोळ्या, तीन वेळेला. आणि चिठ्ठी इंग्रजीत, कंपनीच्या नावांनी.

गावात आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तात्या एकच सांगायचे, "ब्लॉकेज काढून टाकलंय, जाळी बसवली, आता काय न्हाई." हे वाक्य मी शेकडो पेशंटांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यातच सगळ्या पुढच्या गोष्टीचं मूळ आहे असं मला वाटतं. माणसाला वाटतं दुरुस्ती झाली. दुरुस्ती झाल्यावर औषध कशाला घ्यायचं?

खरं काय असतं ते थोडक्यात सांगतो. स्टेन म्हणजे धातूची बारीक जाळी, ती रक्ताच्या दृष्टीनं परकी वस्तू, तिच्यावर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटून गुठळी व्हायला बघते. हळूहळू धमनीच्या आतलं अस्तर त्या जाळीवर वाढतं आणि मग ती झाकली जाते. पण लेपातलं औषध असतं तेच मुळी आत जास्तीचं मांस वाढू नये म्हणून, त्यामुळे झाकलं जायलाही वेळ लागतो. तेवढे महिने जाळी उघडी, आणि तेवढे महिने प्लेटलेटवर दोन बाजूंनी दाब हवा, एक ॲस्पिरिनचा आणि दुसरा क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यातल्या एकाचा. अटॅक येऊन स्टेन पडला असेल तर ही जोडी साधारण वर्षभर, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर ती कमी करतात. सध्या बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांनी ॲस्पिरिन काढून एकट्या टिकाग्रेलॉरवर ठेवायचीही पद्धत आलीय, त्यामुळे 'अमक्याला तर तीन महिन्यात बंद केली' असं ऐकायला मिळतं आणि ते खोटं नसतं, फक्त काय बंद केलं आणि कुणी ठरवलं हे त्या सांगण्यात गळून जातं.

मार्च ते जून

पहिल्यांदा सुटली ती संध्याकाळची टिकाग्रेलॉर. तात्यांना एप्रिलमध्ये मधेच श्वास अपुरा पडल्यासारखं व्हायला लागलं, चालताना नाही, बसल्या जागी, एक मोठा श्वास ओढावा लागायचा. हा या गोळीचा माहितीतला साइड इफेक्ट आहे, घेणाऱ्यांपैकी दहातल्या एकदोघांना होतो, बहुतेकांचा आपोआप कमी होतो, आणि त्रास फारच झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतात. पण हे डिस्चार्जच्या गडबडीत कुणी सांगितलं नसेल किंवा सांगितलं असेल तर तात्यांच्या डोक्यात राहिलं नाही. त्यांनी स्वतःच शोध लावला की संध्याकाळची ती पिवळी गोळी घेतली की रात्री दम लागतो, मग ती बंद. सकाळची चालू. म्हणजे त्यांच्या मते औषध चालूच होतं!

इथं एक बारीक गोष्ट आहे. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला कायमची निकामी करते, ती प्लेटलेट मरेपर्यंत म्हणजे आठवडाभर वगैरे असर राहतो, म्हणून एखादा डोस चुकला तरी थोडं निभावतं. टिकाग्रेलॉर चिकटते आणि सुटते, म्हणूनच दिवसातून दोनदा द्यावी लागते, आणि एक वेळ गाळली की रात्रभर संरक्षण पातळ होत जातं. चांगली गोळी, पण गाळणाऱ्याला माफ करत नाही.

दुसरं पैशाचं. योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं मिळतात, ती मिळाली. ठरावीक ऑपरेशनांसाठी फॉलोअपची पॅकेजेसही त्या योजनेत आहेत, पण तात्यांचं त्यात बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारायला परत कुणी गेलंच नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेनच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधी स्टेन २९,६०० रुपयांवर आला, त्याच्या बातम्या झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. स्टेन मात्र एकदाच घ्यायचा असतो आणि गोळ्या दर महिन्याला. उसाचं बिल हप्त्यानं येतं, मे महिन्यात घरात लग्न होतं, आणि मेडिकलवर उभं राहून तात्या म्हणायचे, "भाऊ, अर्धीच पट्टी द्या, बिल आलं की पुढचं नेतो." अर्धी पट्टी मागणारा माणूस निष्काळजी नसतो, तो हिशोब करत असतो. त्या हिशोबात सगळ्यात महाग गोळी पहिल्यांदा कापली जाते, आणि स्टेनच्या बाबतीत नेमकी तीच सगळ्यात गरजेची असते.

तिसरं स्टॅटिनचं, म्हणजे रात्रीच्या ॲटॉरव्हास्टॅटिनचं. भाच्यानं पुण्याहून व्हॉट्सॲपवर काहीतरी पाठवलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीनं शुगर होते आणि स्नायू गळतात. लग्नाच्या आधी एकदा लॅबमध्ये रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग काय, नॉर्मल आलंय तर गोळी कशाला. नॉर्मल आलंय ते गोळीमुळे, हे सांगायला समोर कुणी नाही. स्टॅटिननं शुगर वाढायची शक्यता किंचित वाढते हे खरंच आहे, पण अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा त्यातला फायदा त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अर्धं खरं असलेलं फॉरवर्ड सगळ्यात वाईट, पूर्ण खोटं असेल तर माणूस कधी ना कधी ओळखतो तरी.

आणि एकादशी. तात्या पंढरीचे वारकरी, महिन्यातून दोन एकादश्या, त्या दिवशी पोटात काही नाही म्हणून गॅसची सोडून बाकी गोळ्याही नाहीत. वर्षाचे चोवीस दिवस तसे जायचे, हे मात्र त्यांच्या घरात कुणालाच गोळ्या चुकवणं वाटत नव्हतं.

दाताचं

जूनच्या सुरुवातीला अक्कलदाढ ठणकायला लागली, गालाला सूज. दाताच्या दवाखान्यात गेले, स्टेन टाकलाय हे सांगितलं, तिथं सांगण्यात आलं की रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा आणि मग या. आता तात्यांना रक्त पातळ करायची गोळी कुठली हे नीट माहीत नव्हतं, त्यांनी सुनेला विचारलं, सुनेनं मोबाईलवर बघितलं तर ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर दोन्ही त्यात आल्या. दोन्ही बंद. पाच दिवसांनी दाढ निघाली, रक्त पटकन थांबलं, सगळे खूश.

स्टेन पडून तीन महिने. दोन्ही गोळ्या बंद. पाच दिवसांत टिकाग्रेलॉरचा असर पूर्ण गेलेला आणि ॲस्पिरिनचाही बराचसा.

हे टाळता येण्यासारखं होतं का, तर शंभर टक्के होतं. साधी दाढ काढायला या गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत, दाबून कापूस धरायचा, लागला तर टाका घालायचा, रक्त थांबवायच्या औषधाची गुळणी वापरायची, थोडं जास्त वेळ पाझरेल एवढंच. आणि हे काही नवीन नाही. २००७ सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संघटनांनी सर्जन आणि डेंटिस्ट यांच्या संघटनांबरोबर मिळून एक सूचना काढली होती, की स्टेनच्या पेशंटच्या गोळ्या कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि ज्या प्रोसिजर पुढं ढकलता येतात त्या ढकला. डेंटिस्टांची संघटना त्यात मुद्दाम घेतली होती. कारण काय असेल ते तात्यांच्या केसवरून कळतंच. त्याच्या थोडं आधी, २००६ च्या युरोपातल्या हार्ट डॉक्टरांच्या मोठ्या परिषदेत औषधी स्टेनमध्ये उशिरा गुठळी होते यावरून गदारोळ झाला होता, आणि २००५ मध्ये २,२२९ पेशंटांचा अभ्यास छापून आला होता ज्यात स्टेनमध्ये गुठळी होणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्केच निघालं, पण ज्यांना झाली त्यातले ४५ टक्के गेले, आणि गुठळी होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गोळ्या वेळेआधी बंद करणं. एवढा कमी आकडा आणि एवढा भयंकर परिणाम असल्यावर दहा माणसं गोळ्या सोडून ठणठणीत फिरतात आणि अकरावा मरतो, गावात चर्चा मात्र त्या दहांची होते.

मला दातवाल्यांवर खापर फोडायचं नाही. बंद करा म्हणणाऱ्याला समोर रक्त दिसतं, ते त्याच्या खुर्चीत वाहतं. गुठळी झाली तर ती दुसऱ्याच्या दवाखान्यात, तिसऱ्या आठवड्यात होते. भीती जवळच्या गोष्टीची वाटते, सगळ्यांना.

पण या केसमधली खरी गंमत वेगळीच आहे (गंमत म्हणवत नाही खरंतर). बंद किती दिवस करायचं ते सांगितलं, चालू कधी करायचं ते सांगितलंच नाही. कागदावर 'पाच दिवस आधी बंद' एवढंच. तात्यांनी वाट बघितली की आता कुणीतरी सांगेल. कार्डिओलॉजिस्टची तारीख जुलैत होती. मधे घरातल्यांना वाटलं डॉक्टरांनीच बंद केल्यात म्हणजे आता लागत नसतील. ॲस्पिरिन त्यांनी स्वतःच मधूनमधून घ्यायला सुरू केली, कारण ती घरात पडून होती. टिकाग्रेलॉर संपली होती आणि ती आणायचं कारण कुणाच्या डोक्यात उरलं नव्हतं.

वारीत

त्यात पालखी निघाली. घरच्यांनी नको म्हटलं, तात्या म्हणाले एवढ्या वर्षांची वारी चुकवणार नाही आणि माउली आहे. आळंदीपासून नाही गेले, एवढं तरी ऐकलं, लोणंदला दिंडीत मिसळले. बरोबरच्या पिशवीत बीपीची गोळी, गॅसची गोळी आणि मलम. फलटण सोडून बरडच्या आसपास दुपारी पुन्हा तेच, छातीत दाब आणि घाम. दिंडीतल्या पोरांनी १०८ ला फोन लावला, पालखीच्या वाटेवर ॲम्ब्युलन्स जागोजागी उभ्या असतात म्हणून ती लगेच मिळाली, एरवी आमच्या भागात एवढ्या लवकर मिळाली असती का माहीत नाही. दोनअडीच तासांत कॅथलॅबमध्ये, म्हणजे ॲन्जिओ-प्लास्टी करतात त्या खोलीत. मार्चमध्ये टाकलेला स्टेन गुठळीनं पूर्ण बंद. गुठळी ओढून काढली, फुगा फुगवला, धमनी उघडली. वाचले. पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं, ते नंतर थोडंसं सुधारलं पण पहिल्यासारखं झालं नाही.

पिशवी

मी यात खरा आलो तो इथून. तात्यांचा मुलगा ऑगस्टमध्ये एक कॅरीबॅग घेऊन दुकानात आला, आत मार्चपासूनची सगळी बिलं आणि रिकाम्या पट्ट्या, काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, काहीही फेकलं नव्हतं. म्हणाला यातलं नक्की काय चालू ठेवायचं ते नव्या चिठ्ठीशी जुळवून द्या. बिलं तीन ठिकाणची होती, माझी, एसटी स्टँडजवळच्या दुकानाची आणि जनऔषधी केंद्राची. म्हणजे पूर्ण चित्र कुठल्याच एका काउंटरला कधी दिसलंच नसतं.

मी ती बिलं तारखेप्रमाणे मांडली. संशोधनात एक माप वापरतात, एवढ्या दिवसांपैकी किती दिवस पुरतील एवढ्या गोळ्या पेशंटच्या हातात होत्या, आणि ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक धरतात. तेच केलं. मार्चच्या मध्यापासून दाढ काढेपर्यंत साधारण ८० दिवस, टिकाग्रेलॉरच्या १६० गोळ्या लागायला हव्या होत्या, घेतलेल्या ८४. निम्म्याच्या जरा वर. स्टॅटिन पहिले दोन महिने ठीक, मग बंद. रामिप्रिल कोरडा खोकला येतो म्हणून पहिल्याच पट्टीनंतर नाही (हाही माहितीतला त्रास, त्यालाही पर्यायी गोळी असते). ॲस्पिरिन जवळजवळ पूर्ण, तिची पट्टी चहाच्या पैशात येते. आणि गॅसची गोळी एकही दिवस चुकलेली नाही, वारीतसुद्धा!

त्या पॅन्टोप्राझॉलकडे मी बराच वेळ बघत बसलो. तात्यांच्या सात गोळ्यांपैकी तीच एक अशी होती जी नाही घेतली तर दुसऱ्या दिवशी छाती जळायची. बाकीच्या घेतल्यानं काही बरं वाटत नाही, न घेतल्यानं काही वाईट वाटत नाही, उलट सोडली की दम जातो, खोकला जातो, दात घासताना हिरडीतून रक्त येत नाही, हाताचे निळे डाग जातात. शरीर त्यांना रोज सांगत होतं की सोडल्यावर बरं वाटतंय. आणि तो माणूस शरीराचं ऐकत होता, जे आपण सगळेच करतो.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट सांगतो. २०१३ मध्ये पाच हजारांवर स्टेनच्या पेशंटांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात गोळ्या बंद होण्याचे तीन वेगळे प्रकार केले होते. डॉक्टरनं विचार करून थांबवणं, ऑपरेशनसाठी थोडे दिवस थांबवून परत चालू करणं, आणि रक्तस्राव झाला म्हणून किंवा पेशंटच्या मनानं तुटणं. पहिल्या प्रकारात धोका वाढलेला दिसला नाही, तिसऱ्यात वाढला आणि तोही सगळ्यात जास्त पहिल्या सात दिवसांत. म्हणजे 'गोळी बंद' या दोन शब्दांत वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. तात्यांचं बघितलं तर त्यांच्या मनात ते पहिल्या प्रकारात होते, डॉक्टरनं बंद केलीय. कागदावर दुसऱ्या प्रकारात. आणि प्रत्यक्षात तिसऱ्यात जाऊन पडले.

त्याआधीचा, २००६ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, अटॅकनंतर औषधी स्टेन टाकलेले ५०० पेशंट, त्यातल्या साताला एकानं ३० दिवसांतच ॲस्पिरिनबरोबरची दुसरी गोळी सोडलेली होती, आणि पुढच्या ११ महिन्यांत सोडणाऱ्यांतले ७.५ टक्के गेले, चालू ठेवणाऱ्यांतले ०.७ टक्के. सोडणारे कोण होते, तर वयानं मोठे, कमी शिकलेले, खर्चामुळे दवाखाना टाळणारे, आणि ज्यांना डिस्चार्जच्या वेळी औषधांबद्दल नीट सांगितलेलं नव्हतं असे. अमेरिकेत. तेव्हा हे काही आपल्याच लोकांच्या अडाणीपणाचं प्रकरण नाही.

नंतर काय केलं

कार्डिओलॉजिस्टनं टिकाग्रेलॉरच्या जागी प्रासुग्रेल १० दिली, दिवसातून एकच. तात्यांना आधी पॅरालिसिस वगैरे झालेला नव्हता आणि वजन ६० किलोच्या वर होतं, ही गोळी देताना ते बघावं लागतं. रामिप्रिलच्या जागी खोकला न येणारी दिली. या दोन बदलांनीच अर्धं काम झालं असं माझं मत आहे, आणि दोन्ही बदल एप्रिलमध्येही होऊ शकले असते, तात्यांनी 'दम लागतो' एवढं एक वाक्य फोनवर कळवलं असतं तर. पण कळवायचं कुणाला? चिठ्ठीवरचा नंबर रिसेप्शनचा होता.

आमच्याकडून जे झालं ते साधंच. एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि समोर ते कशासाठी, म्हणजे 'प्रासुग्रेल – जाळी बंद पडू नये म्हणून', 'ॲस्पिरिन – तेच काम, दोन्ही पाहिजेत', 'ॲटॉरव्हास्टॅटिन – नवीन ब्लॉकेज होऊ नये म्हणून, रिपोर्ट नॉर्मल आला तरी'. कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही कारण दुकान बदललं की कंपनी बदलते आणि लोक एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतात, हे मी स्वतः बघितलंय, आणि रक्त पातळ करायच्या गोळीत ते सोडण्याइतकंच वाईट. कागदाच्या खाली लाल पेननं: 'स्टेन आहे. दात, मोतीबिंदू, कुठलंही ऑपरेशन, आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन. बंद केली तर चालू करायची तारीख इथं लिहून घ्या.' आणि पुढे रिकामी रेघ. माझ्या मते सगळ्या कागदात ती रिकामी रेघ जास्त कामाची.

सगळ्या पट्ट्या एकाच तारखेला संपतील असा हिशोब लावला, आणि ती तारीख दुकानाच्या वहीत. तात्या दोन दिवसांत आले नाहीत तर दुकानातला पोरगा फोन करतो. उसाच्या बिलाचं म्हणाल तर चार महिने उधारीवर चालवलं, आमच्याकडं किराणा चालतो, खत चालतं, मग गोळ्या का नाही. मूळ कंपनीचं पेटंट संपलेली औषधं आता बऱ्याच कंपन्या करतात, जनऔषधीत काही आणखी स्वस्त पडतात, जिथं मिळेल तिथून घ्या पण वहीत इथं सांगा, एवढं ठरवलं.

एकादशीचा प्रश्न मी सोडवला नाही, मला तो सुटलाही नसता. दिंडीतल्या महाराजांना मुलानं विचारलं, ते म्हणाले औषध म्हणजे अन्न नव्हे, पाण्याबरोबर घेतलं तर उपास मोडत नाही, आणि माउलीला तुमची छाती दुखवायची नाहीये. संपला विषय. डॉक्टरांनी, मी, सुनेनं सांगून जे झालं नव्हतं ते एका वाक्यात झालं.

काय फसलं तेही सांगतो. आठवड्याची वारांची डबी आणली, पंधरा दिवसांत काकूंनी तिच्यात लवंग-वेलदोडे भरले. मोबाईलचा अलार्म तात्या झोपेतच बंद करायचे. शेवटी टिकलं ते काकूंचं, सकाळी भाकरी वाढायच्या आधी गोळ्या ताटात. रात्रीची स्टॅटिन पण डॉक्टरांना विचारून सकाळी आणली, ॲटॉरव्हास्टॅटिन कधीही घेतली तरी चालते. सात गोळ्या तीन वेळेला होत्या त्या सहा झाल्या, पाच सकाळी एकदम आणि एक नको-नको म्हणत रात्री.

भारतातच १४ हॉस्पिटलांत ८०६ पेशंटांवर एक प्रयोग झालाय, २०१६ ला छापून आला, त्यात साध्या ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी अटॅकनंतरच्या पेशंटांशी वर्षभर संपर्क ठेवला, गोळ्या चालू ठेवणाऱ्यांचं प्रमाण ९७ टक्के आलं, बाकीच्यांत ९२. फरक लहान दिसतो, आणि अशा प्रयोगात येणारे पेशंट मुळातच जरा धडपडे असतात हेही धरा, तरी त्यात डॉक्टर लागले नव्हते हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसरा मार्ग सगळ्या गोळ्या एकात घालायचा, २०२२ च्या एका मोठ्या युरोपियन प्रयोगात ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटॉरव्हास्टॅटिन एकाच गोळीत दिल्यावर पुन्हा अटॅक, स्ट्रोक, तातडीची प्लास्टी किंवा हृदयविकारानं मृत्यू हे सगळं मिळून १२.७ वरून ९.५ टक्क्यांवर आलं. छान आहे, पण जाळी उघडी असतानाची ती दुसरी गोळी त्यात नसते, तेव्हा पहिल्या वर्षाचा प्रश्न त्यानं पूर्ण सुटत नाही.

एक राहिलंच. ऑक्टोबरमध्ये तात्यांनी दुकानात कुणी नाही बघून हळूच विचारलं की मेटोप्रोलॉलनं 'घरचं' काही बिघडतं का, आणि ती सोडली तर चालेल का. हा प्रश्न पुरुष पेशंट डॉक्टरांना विचारत नाहीत, बायको किंवा मुलगा बरोबर असतो, आणि मग गोळी गुपचूप बंद होते आणि कारण कुणालाच कळत नाही. काही जणांना त्रास होऊ शकतो, अटॅकनंतरच्या भीतीनंही तसं होतं, आणि पंपिंग कमी असताना ती गोळी मनानं सोडणं बरोबर नाही, डॉक्टरांशी एकट्यानं बोला एवढं सांगितलं. आणि जोमाच्या गोळ्या बिनचिठ्ठीच्या घेऊ नका, जिभेखालच्या गोळीबरोबर त्या घेतल्या तर बीपी एकदम कोसळतं, हेही. बोलले ते, एकटे जाऊन. डोस थोडा कमी झाला, गोळी राहिली.

दुसऱ्या अटॅकला वर्ष झाल्यावर प्रासुग्रेल कार्डिओलॉजिस्टनं स्वतः बंद केली, आणि तात्यांनी लाल अक्षराखालच्या रेघेवर त्यांच्याकडूनच लिहून घेतलं की 'कायमची बंद, बाकी सगळ्या चालू'. वर्षभराची बिलं परत मांडली तर प्रासुग्रेल ९० टक्क्यांच्या वर. स्टॅटिन त्याहून जरा कमी. पंपिंग ४० वर अडकलंय, दोन जिने चढले की थांबावं लागतं, रान आता मुलगा बघतो. तंबाखू सुटली, मिश्री सुटलेली नाही, त्यावरून काकूंशी रोज वाजतं.